वरचे चार कोपरे

शाळेत त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. त्या अजूनबाई. मुलाने उत्तर दिलं की शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही, चष्म्यावरून बघत फक्त एक शब्द: "अजून?" सतराचे दोन भाग कर म्हटल्यावर मुलगा म्हणायचा, आठ आणि नऊ. "अजून?" मग साडेआठ आणि साडेआठ. "अजून?" मग एखादी कारटी कागदावर सतरा लिहून कागदच मधोमध फाडायची. एका हातात एक, दुसऱ्या हातात सात. तेव्हा कुठे बाई म्हणायच्या, "आता कसं!"

शनिवारचा वर्ग त्यांनीच सुरू केला, तोही वैतागून. गणितं झटपट सोडवून रिकाम्या बसणाऱ्या मुलांना बाकीचे शिक्षक तशीच आणखी दहा गणितं द्यायचे. म्हणजे लवकर जेवणाऱ्याला बक्षीस काय, तर पुन्हा तेच ताट! हुशार पोर हुशारच असतं, त्याला दोन दिवसांत कळतं की सावकाश जेवावं. एकदा दुसरीतला एक मुलगा बरोबर आलेलं उत्तर खोडून पुन्हा लिहिताना बाईंनी पाहिला. "का रे खोडलंस?" तर म्हणाला, "वेळ जात नाही ना, बाई." बाई तशाच तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि वरच्या मजल्यावरच्या नकाशांच्या खोलीची किल्ली घेऊनच बाहेर आल्या.

तिथे दर शनिवारी दोन तास तिसरी-चौथीची बारा मुलं जमायची. पाठ्यपुस्तक नाही. एका शनिवारी दप्तरातली एकेक वस्तू तराजूत टाकून सगळ्यात जड काय ते शोधायचं. एका शनिवारी गळका नळ दिवसाला किती बादल्या वाया घालवतो ते काढायचं. (ते काढल्यावर नळ दुरुस्त झाला, हे त्या वर्गाचं पहिलं संशोधन.) जागा बारा आणि येऊ पाहणारी पन्नास, म्हणून जूनमध्ये वीस प्रश्नांची चाळणी. प्रश्न बाईंचे, उत्तरसूचीही बाईंचीच. सातवा प्रश्न चौदा वर्षं तोच होता, मुलांचा धीर चेपावा म्हणून घातलेला अगदी सोपा: 'चौकोनी खोलीला कोपरे किती?' उत्तर, चार.

यंदाची यादी मंगळवारी लागली. बुधवारी शाळा सुटल्यावर वर्गाच्या दारात एक रंगारी उभा. दोन्ही कोपरांपर्यंत पांढरा रंग, आणि एका हाताला तिसरीतली बारकीशी भाची.

"बाई, मी हिचा मामा. ही ठमी आमची कालपासून जेवत नाहीये. एका मार्काने तेरावी आली म्हणे."

"दरवर्षी कुणीतरी येतंच तेरावं," बाई म्हणाल्या. त्यांना घरी जायची घाई होती, आणि पालकांना तर त्या कोपरापासून नमस्कार करायच्या. "पुढच्या वर्षी ये गं."

"येईल की. फक्त चुकलं काय ते सांगा. मला काही समजत नाहीये." त्याने उत्तरपत्रिका पुढे केली. सातव्या प्रश्नापुढे ठसठशीत 'आठ', आणि त्यावर बाईंच्याच लाल शाईची फुली.

"खोलीला कोपरे चार असतात," बाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"कुठल्याही!"

मामाने वर बघितलं. बाईंनीही बघितलं, न बघून करतील काय? छताला, भिंतींच्या टोकाला, कोळ्याच्या जाळ्यांसकट चार कोपरे मजेत बसले होते.

"बाई, वीस वर्षं रंग मारतोय मी," मामा अदबीने म्हणाला, पण मिशीत हसू होतंच. "खालचे चार तर कुणीही रंगवेल. मान मोडते ती वरच्या चारांनी. आणि तुम्ही ते धरतच नाही?"

ठमी पहिल्यांदाच बोलली. "मी मामाबरोबर जाळी काढायला जाते ना, म्हणून मोजले."

चौदा वर्षं पोरांच्या मागे 'अजून? अजून?' करत फिरणारी बाई, आणि स्वतःच्या सातव्या प्रश्नाला एकदाही 'अजून?' म्हणाली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. त्यांनी ती उत्तरपत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली. "तिला आज जेवायला घाला," एवढंच म्हणाल्या.

मुख्याध्यापक भला माणूस, पण कागदाला फार भिणारा. "चार लिहिणाऱ्यांचं काय करणार?"

"त्यांनी जमिनीवरचे मोजले, त्यांचे मार्क राहू द्या. हिने सगळे मोजले. हिला एक द्या. म्हणजे ही बारावीच्या बरोबरीला येते. कुणाला काढायला नको."

"अहो, पण खोलीत खुर्च्याच बारा!"

"तेरा आहेत. तेरावी माझी."

"मग तुम्ही?"

"चौदा वर्षांत मला तिच्यावर बसलेलं पाहिलंय कधी?"

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. "यादी बदलायची तर कारण लेखी लागेल. सूचनाफलकावर. तुमच्या सहीने. पालक वाचतील, बाई. शिक्षकही वाचतील." त्यांना वाटलं, इथे बाई माघार घेतील. क्षणभर बाईंनाही तसंच वाटलं. चूक झाली म्हणणं मुलांना शिकवायला सोपं, स्वतःच्या सहीखाली लिहायला कडू. शिक्षकांच्या खोलीतले चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. मग लाल फुलीवाली ती उत्तरपत्रिका आली, आणि त्यांनी समोरचंच पेन उचललं.

'प्रश्न सातवा. उत्तरसूचीतलं उत्तर अपुरं होतं. चौकोनी खोलीला कोपरे आठ. चूक माझी.' खाली सही केली. कुणाला कळणार नाही असं नको, म्हणून कंसात 'अजूनबाई'.

व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "काय बाई, अजून काही चुका?" आणि सगळी खोली हसली. बाईही हसल्या. "आहेत की. तुम्हाला हुशार समजत होते."

पण त्यांना चैन पडेना. कपाटातले जुने गठ्ठे काढून त्या दोन दिवस धूळ खात बसल्या. चौदा वर्षांत आणखी तिघांनी 'आठ' लिहिलं होतं. तिन्ही ठिकाणी लाल फुली, हात त्यांचाच. एकाची जागा त्यापायीच हुकली होती. मग बाईंनी तिघांचे पत्ते शोधून प्रत्येकाला दोन ओळी धाडल्या: 'तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं.' जागा हुकलेल्याचं उत्तर आठवड्यात आलं. आता तो कुठेतरी पूल बांधत होता. लिहिलं होतं: 'बाई, मला तेव्हाही माहीत होतं. पण तेव्हा तुम्ही काही विचारलंच नाहीत.'

वर्गाचा पहिला शनिवार उजाडला. तेराव्या खुर्चीवर ठमी, पाय जमिनीला न टेकलेले, नवी पट्टी घट्ट धरून. बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: 'खोलीला कोपरे किती?'

"आठ!" बारा मुलं एका सुरात ओरडली. सगळ्यांनी सूचनाफलक वाचला होता.

बाईंचं तोंड उतरलं. पोपट! काल चार म्हणणारे आज आठ म्हणतात, मोजलं एकानेही नाही. त्यांनी नाइलाजाने फळ्यावर आठ लिहिले, तोच मागून बारीक आवाज आला.

"बाई, या खोलीला आठ नाहीत."

"म्हणजे?"

"भिंतीत तो कोनाडा आहे ना, नकाशांचा. त्याच्या आत..." ठमीने ओठ चावला. एकदा फुली खाल्लेलं पोर ते. मग धीर करून तिने मान वर केली आणि बाईंकडेच बघत विचारलं, "अजून?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी डस्टर उचललं, आठ पुसून टाकले आणि म्हणाल्या, "चला, उठा सगळे! मोजा!"

दोन तास खुर्च्या सरकल्या, पोरं टेबलाखाली शिरली, कोनाड्यात डोकी घातली, आणि खांब धरायचा की नाही यावर दोघांत जुंपलीसुद्धा. घंटा झाली तेव्हा मामा दारात येऊन उभा होता. तो सगळा गोंधळ त्याने शांतपणे पाहिला, मग मान वाकडी करून दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं.

"हिचे धरले का?"