माशीच्या डोळ्याचा कॅमेरा

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. तीन माणसं एकाच टेबलाशी अडकली, की ते आपोआप साठतात. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तेच झालं! गुरव सर, निलोफर आणि मी माशीच्या डोळ्यासारखा कॅमेरा बनवत होतो. शर्टाच्या बटणाएवढा. त्यावर बारीक बारीक भिंगं. प्रत्येक भिंग आपापला तुकडा बघणार आणि कॉम्प्युटर ते जुळवून एक रंगीत चित्र करणार.

*

महिनोन्महिने खपून भिंगांचा पहिला पापुद्रा तयार झाला. सरांनी तो चिमट्यात धरला आणि नेमका कुणीतरी पंखा लावला. गेला!

"कोणी हलू नका!" सर ओरडले.

आम्ही श्वास रोखून फरशी चाचपडतोय. शेवटी निलोफर हळूच म्हणाली, "सर, तुमच्या चष्म्यावर काय आहे?"

"तरीच! म्हटलं, तुम्ही दोघं एवढी माणसं कशी झालात!"

*

प्रोजेक्ट चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला मोठे साहेब आले. सरांनी कॅमेऱ्यापुढे पिकलेला हापूस ठेवला. स्क्रीनवर आंबा निळा! सर वायरी हलवून बघू लागले.

निलोफर म्हणाली, "साहेब, माशीला असाच दिसत असेल."

"मग माणसाला दिसेल तेव्हा बोलवा," साहेब म्हणाले आणि निघाले!

*

रंग जमल्यावर आम्ही आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. कॅमेरा खडकाकडे रोखलेला, पण त्याला आजूबाजूचंही बरंच दिसायचं. स्क्रीनच्या अगदी कडेला, पाण्यात एक केशरी ठिपका.

"बोया असेल, खुणेचा तरंगता पिंप," सर म्हणाले. "रंग बंद कर गो, लॅपटॉप अडकतोय."

निलोफरचा हात बटणावरच थांबला. ठिपका एकदा लांबट झाला, मग परत आखडला.

"सर, बोया हात हलवत नाही!"

ती ओरडत किनाऱ्यावर धावली, "चाचा, होडी काढा! माणूस बुडतोय!" जाळं विणणाऱ्या चाचांनी जाळं टाकून होडी लोटली, मी आणि सर मागून ढकलत होतो. लाट आली, होडीतून माणूस दिसेना. निलोफर परत लॅपटॉपकडे पळाली आणि स्क्रीनवरचा ठिपका बघत हाताने दिशा दाखवू लागली. "डावीकडे! अजून डावीकडे!"

चाचांनी माणसाला वर ओढलं. वाळूवर तो खोकून खोकून पाणी ओकला, तेव्हा कुठे आम्ही खाली बसलो. त्याची बायको धावत आली. त्याचा ओला केशरी शर्ट तिने दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि रडत रडत म्हणाली,

"सकाळीच भांडले हो यांच्याशी... असला भडक शर्ट घालून चारचौघांत येऊ नका म्हणून!"