सात किलोंत श्रीलंका

धाकट्या जावेची बॅग मी भरली. श्रीलंकेला ती गेली आणि बॅग मी भरली, हे मला अजूनही सरळ तोंडाने सांगता येत नाही.

पारनेरला बाजारतळाच्या रस्त्यावर आमचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दुकान दोघा भावांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिरांचं. पण काउंटरमागच्या खुर्चीत दिवसातला बहुतेक वेळ मी असते. कांद्याचं कुठलं बी कुठल्या रानात चांगलं येईल, हे शेतकरी विचारतात नवऱ्याकडे बघून आणि उत्तर माझ्याकडून घेतात. बियाण्यांच्या कंपन्या दुकानदारांसाठी स्कीम लावतात. ठरलेला माल खपवला की एका जोडप्याला परदेशाची सहल. या वेळी श्रीलंका होती. कंपनीचा माणूस रंगीत पत्रक काउंटरवर ठेवून गेला, आणि तो मोटारसायकलवर बसायच्या आत ते पत्रक माझ्या पर्समध्ये होतं.

तेव्हापासून मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर श्रीलंका बघायची. एक बाई पाठीवर एकच पिशवी अडकवून तिथे महिनाभर हिंडली होती. तिचं सगळं मी पाठ केलं. हवा दमट, जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून जीन्स नको. पातळ सुती कपडे न्यायचे, तीन जोड पुरे, एक अंगावर. देवळात जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि चप्पल पटकन पायातून निघणारी हवी. टॉवेल न्यायचा नाही, पंचा न्यायचा. नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीला नगरच्या कापडबाजारात गेले होते, तेव्हा स्वतःसाठी मलमलचे दोन कुर्ते घेऊन आले. घरात सांगितलं, उन्हाळ्यात होतील. पासपोर्ट आम्ही चौघांनी एकदमच काढून ठेवले होते. माझा साड्यांच्या खाली होता, अगदी कोरा.

माल खपला. कसा खपला ते मला माहीत आहे, कारण हंगामात रोज आठ वाजता शटर मी उघडत होते. एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता नवरा म्हणाला, "श्रीलंकेची दोन तिकिटं लागली. काय, जायचं का आपण?"

मी म्हणाले, "मला कशाला? त्या दोघांना जाऊ द्या, नवीन आहेत."

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की माणूस पानावर हात आडवा धरतो, आणि वाढपी त्या हाताच्या शेजारून जिलबी सोडतो. पाहुण्याने पहिल्याच विचारण्याला चहाला हो म्हटलं, तर घरच्या बायका एकमेकींकडे बघतात. माझा नवरा तर असा, की दुसरी भाकरी तीनदा आग्रह केल्याशिवाय घेत नाही. बावीस वर्षं मी त्याला तीनदा विचारत आले. माझ्या वेळी त्याने एकदा विचारलं, माझं नको ऐकलं आणि लगेच भावाकडे वळून म्हणाला, "मग तुम्ही दोघं जा. तेव्हा आपला कांदा काढणीला येईल, मला तसंही जमणार न्हाई."

मी वांग्याचा रस्सा वाढत होते. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून पळी तशीच धरून थांबले. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "अय्या, चालेल की! मला लई आवडेल." एकदाही नको म्हणाली नाही. मला तिचा इतका राग आला, की तिच्या वाटीत मी रस्सा रस्सा वाढला, खालच्या फोडी ठेवल्या. राग खरं तर माझाच यायला हवा होता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला?

पुढे दोन महिने मी जळत होते. तिने ट्रायलसाठी गॉगल लावला, मी जळले. तिच्या माहेरचे फोन आले, मी जळले. शेजारणीने विचारलं, "तुम्ही नाही जात का?" तर म्हणाले, "मला गाडी लागते." पारनेर ते पुणे मी कितीदा पुढच्या सीटवर ताठ बसून गेले आहे, पण तोंडातून तेच निघालं. नवऱ्याला मी काही बोलले नाही. त्याने आपणहून ओळखावं, असं मला वाटत होतं. त्याने नाही ओळखलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग घेऊन माझ्या खोलीत आली. "ताई, कंपनी म्हणतीय हातातलीच एक बॅग, सात किलो. मला न्हाई जमत. तुम्ही द्या भरून." घरात कोणाचीही बॅग मीच भरते, हे खरं आहे. तिने पलंगावर ढीग केला: दोन जीन्स, एक जरीची साडी, उंच टाचांच्या चपला, जाड टर्किश टॉवेल, शाम्पूची मोठी बाटली. सासूबाईंनी वरून चिवड्याचा डबा आणला. मी तोंडातून अक्षर न काढता सगळं कोंबलं आणि चेन लावली. दुकानातल्या काट्यावर ठेवली तर नऊ किलो चारशे.

मी गप्प बसू शकत होते. विमानतळावर चारचौघांत बॅग उघडावी लागली असती, साडी फरशीवर आली असती. हे चित्र मी डोळ्यांसमोर आणलं आणि मला ते आवडलं. पण दुसरंही एक दिसलं: दीर तिथे सगळ्यांना सांगणार, बॅग वहिनीने भरली. माझ्या हातची बॅग चुकलेली निघावी, हे काही मला सोसलं नसतं. मी पुन्हा चेन उघडली.

जीन्स काढल्या. साडी काढली, ती हिरमुसली, तरी काढली. टाचांच्या चपलांऐवजी तिच्या रोजच्या सपाता. शाम्पू छोट्या बाटलीत ओतला. कपडे घडी न घालता गुंडाळ्या करून उभे लावले, पंचा तळाला, कडेला डासांचं मलम. तिच्याकडे सुती कपड्यांचे दोनच जोड निघाले. तिसरा कमी पडत होता. माझ्या कपाटात मलमलचे दोन कुर्ते होते, आम्हा दोघींचं माप एकच. मी दिले नाहीत. नाही म्हणजे नाहीच दिले. तिला म्हणाले, "रात्री धुवायचे, सकाळी घालायचे."

संध्याकाळी सासूबाईंनी तिची ओटी भरली आणि नारळ बॅगेत ठेवायला निघाल्या.

"आई, अर्ध्या किलोचा आहे तो. आणि तिकडं नारळच नारळ आहेत."

"त्ये त्यांचं. ह्यो आपला हाय," सासूबाई म्हणाल्या. "ओटीचा नारळ मागं ठिवून जात्यात व्हय?"

शेवटी ओटीतल्या तांदळाचे पाच दाणे रुमालाच्या टोकाला बांधून दिले, तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या. काट्यावर सहा किलो आठशे भरलं. इतकी चांगली बॅग मी आजवर भरलेली नव्हती. माझ्यासाठी भरायची होती, तशीच्या तशी.

सकाळी गाडी दारात आली. ती नमस्कार करायला स्वयंपाकघरात आली, वाकली, उठली आणि तिथेच उभी राहिली.

"ताई, तुम्हाला जायचं होतं का?"

"छे गं. मला कुठं हिंडायची हौस."

ती हलली नाही. "खरं सांगा ना."

दोन महिने मी ज्याची वाट बघत होते, ते हे दुसरं विचारणं. ते भलत्याच तोंडातून आलं, आणि काहीच करता येणार नाही अशा वेळी आलं. मी पुन्हा छे म्हणू शकले असते. ती हसत गाडीत बसली असती. पोरगी चांगली आहे, आणि तिचा यात काडीचा दोष नव्हता, हे मला त्याही क्षणी कळत होतं.

"होतं," मी म्हणाले. "लई जायचं होतं. दोन कुर्तेसुद्धा आणून ठेवलेत."

तिचं तोंड उतरलं. "मग तुम्ही दादांना का न्हाई…" बाहेर दिरांनी हॉर्न वाजवला. ती तशीच गेली. गाडीच्या काचेतून तिने सासूबाईंना हात केला, माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला बरं वाटलं. लपवत नाही, गाडी सुप्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

मग मी फोटोंची वाट बघायला लागले. दारातल्या रांगोळीचासुद्धा फोटो घरच्या ग्रुपवर टाकणारी बाई ती. जळायची माझी पूर्ण तयारी होती. दिरांचे फोटो यायला लागले: समुद्र, हत्ती, चहाचे मळे, हत्तीपुढे दीर, मळ्यापुढे दीर. ती एकातही नव्हती. तिने स्वतः तर एकही टाकला नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला लिहिलं, "फोटो पाठव गं, मजा आहे ना?" तिने वाचलं. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "धाकटीचा येक बी फोटू न्हाई आला?"

"तिकडं रेंज नसेल, आई."

मोबाईल माझ्या हातातच वाजला. दीर एका नारळाच्या झाडाखाली उभे होते. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "मंग त्याला कशी हाय?"