चाकातली खोट

“चाक घसरते म्हनलं ना! हात नाही घसरत माहा!”

“मंग काल चहाचा गिलास कावून पडला? गिलासाले बी स्टेरिंग राह्यते का?”

जानराव उत्तर द्यायला वळला आणि हातातला पाना निसटून ट्रकच्या पायदानावर खणकला. त्याच्या बायकोने, सत्यशीलेने, तो उचलून दिला.

अहिवाऱ्यातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीपुढे ठेकेदाराचा ट्रक उभा होता, लढाईच्या काळातला. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी भिलाईच्या नव्या कारखान्यात नेऊन टाकायची, हे जानरावचं काम. परवा वळणावर ट्रक वळलाच नाही, सरळ शेतात शिरला. मागे बसलेल्या कामकरणी किंचाळल्या. ठेकेदार एवढंच म्हणाला, “फिर ऐसा हुआ तो चाबी रख देना।”

तेव्हापासून जानराव एकच धरून बसला होता, स्टेअरिंगचं चाक झिजलंय. तसं ते झिजलंही होतं. वरचं काळं कवच तडकून आतली सळई दिसत होती, आणि तिच्यावर सत्यशीलेच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. रायपूरच्या भंगारातून त्याने दुसरं चाक आणलं. आज सुट्टी; आज बदलायचं, उद्या ट्रक काढायचा.

मधला नट निघाला, पण चाक निघेना.

“सोड म्हनतो तं आनखीच धरते! तुह्या आईसारखं!”

“माह्या आईले मधात नोका आनू. गरम पानी टाकू का?”

“टाक. लोखंड फुगलं का सुटते.”

चुलीवरची किटली घेऊन ती पायदानावर चढली. जानरावने चाकाच्या मध्याखाली बोटं अडकवली होती.

“हात काढा अगुदर.”

“मंग वढू कशानं? मधात टाक तू, बस!”

तिने मधातच धरली होती धार. किटलीचं झाकण हललं आणि सगळं उकळतं पाणी त्याच्या डाव्या बोटांवर गेलं. किंचाळली ती सत्यशीला. जानराव दात खाऊन वर ओढतच होता. कटकन आवाज झाला, चाक हातात आलं.

“निघालं! पाह्य! सांगतलं नव्हतं? खोट चाकातच व्हती!”

चाक डोक्यावर धरून तो हसत होता, कितीतरी दिवसांनी. त्याच्या बोटांवरून वाफ निघत होती. कातडी लाल होऊन टरारत होती.

सत्यशीलेला तिच्या गावचा रामाजी आठवला. त्याची बिडी बोटापर्यंत जळत यायची, त्याला पत्ता नसायचा. मग एक दिवस नाल्यापलीकडे त्याची वेगळी झोपडी झाली. जानरावच्या कोपरावरचा फिका चट्टा हिवाळ्यापासून होता. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून ती कडुनिंबाचा पाला चोळत राहिली होती.

“जळलं नाही तुमाले?”

त्याने हाताकडे पाहिलं आणि तो पाठीमागे नेला. त्या नेण्यातच तिला कळलं, हा माणूस कधीपासूनच जाणून आहे.

“कोमट व्हतं पानी.”

“खदखदत व्हतं. म्याच ठेवलं व्हतं ना चुलीवर.”

तो नवं चाक बसवू लागला. चाक बसलं. नट काही लागेना. बोटांना आटे सापडत नव्हते. एकदा पडला, दोनदा पडला. तिसऱ्यांदा सत्यशीलेने तो उचलून मुठीत गच्च धरला.

“आयका. महारोगाच्या गोळ्या निघाल्या आता. दुर्गच्या दवाखान्यात देतेत. कोनाले सांगाचं नाही. सकाळीच जाऊ, मी बी येतो.”

तो नटासाठी हात पुढे करून उभा.

“ट्रक नोका काढू उद्या. मांगं बाया राह्यतेत. भागाबाई तं लेकरू घेऊन बसते. सांगा ना, नाही काढनार ना?”

जानराव खाली उतरला. ठेकेदाराला दाखवायला जुनं चाक खांद्याला अडकवलं, चपला सरकवल्या आणि रस्त्याकडे चालू लागला.

फाटकापाशी त्याची डावी चप्पल पायातून सुटली. तो तसाच पुढे गेला.