तात्यांच्या मशीनला हात लावू नका

भानुदास तात्यांची आन् माझी पैली वळख झाली ती माझ्या चुकीनं. आमच्या मालकांना, म्हंजी माझ्या नवऱ्याला, जाऊन पंधरा दिवस झालं व्हतं. गावातलं दूध संकलन केंद्र तेच चालवायचे, ते आता माझ्या गळ्यात आलं. मी सातवीपतोर शिकलेली बाई. पैल्या सकाळी कुलूप काढलं आन् बघते तर कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्यावर नुसती पांढरी अक्षरं. मला वाटलं, मालकांच्या मागं हे बी गेलं. सरळ वायर उपसली. बाहेर किटल्या घेऊन बाया उभ्या, आन् आत फॅट मोजणारं यंत्र मुकं.

फोन केल्यावर तात्या बारामतीहून मोटरसायकलवर आले. एमआयडीसीत दुधाच्या मशिनी दुरुस्त करायची नोकरी त्यांची, हा कॉम्प्युटर बी त्यांनीच बसवलेला. म्हणलं, आता बोलणी खायची. तात्यांनी वायर लावली, अक्षरं परत आली.

"वहिनी, हे असंच दिसतं. ह्याला नटायची सवय न्हाय."

"मग तुमच्यावरच गेलंय," मी म्हणलं.

तात्या हसले. खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहिलं, "चालू हाय. बंद करू नका." मशीनवर टांगला आन् गेले. ती पाटी अजून तितंच हाय.

आता तुमच्या गौरव समितीचे अध्यक्ष बापूराव माझ्याकडं आले आन् म्हणाले, "शालनवहिनी, तात्यांची साठी हाय, गौरव अंकासाठी चार गोड शब्द लिहा." मी म्हणलं, "गोड पायजे तर माळेगावला जावा, तितं साखर कारखाना हाय. माझ्याकडं जे हाय ते लिहीन." तर हे घ्या, आन् एक ओळ बी काटू नका.

समद्यांच्या कॉम्प्युटरवर जी प्रणाली असती, जिच्यावर बाकीचं समदं चालतं, ती आमच्या मशीनवर न्हाय. मशीन मोडीत निघालेलं, जड प्रणाली त्याला पेलत नव्हती. तात्यांनी त्यावर हलकी घातली, लई थोडी माणसं वापरत्यात ती. लाइट जाऊ द्या, येऊ द्या, ते आपलं आपण उठतं आन् कामाला लागतं. गावातल्या किती पुरुषांबद्दल असं म्हणता येईल ते मी सांगत न्हाय.

दुखणं एकच. फॅटच्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम लांबची मंडळी लिहित्यात आन् समद्यांना फुकट, मोकळा देत्यात. तो आपल्या मशीनला कळंल असा बांधून घ्यावा लागतो, त्याला तात्या बिल्ड म्हणत्यात. ती मंडळी तो फक्त सगळीकडं चालणाऱ्या प्रणालीवर तपासत्यात. आमच्याकडं आला की बिल्ड मोडला. नवी आवृत्ती आली की परत मोडला.

गेल्या वर्षी डेअरीनं फॅटचं यंत्र बदललं. नव्या यंत्राला प्रोग्रामची नवी आवृत्ती पायजे. आठ दिवसांत लावा, न्हायतर केंद्र बंद, दूध पलीकडच्या गावात घाला. ज्यांच्या दारात एकच गाय हाय त्या बायांनी दोन येळा किटली घेऊन तितं चालत जायचं म्हणं! यंत्राबरोबर एक इंजिनिअर साहेब आले. बिल्ड मोडलेला बघितला आन् म्हणाले, "हे भंगार आहे, फेकून द्या."

आन् बापूराव, समद्यांच्या देखत तुमी काय म्हणला व्हता? "साहेब बरोबर बोलत्यात. तात्यांचा छंद व्हतोय आन् आपलं दूध नासतंय." मी इसरले न्हाय.

तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. पुतण्याच्या गाडीवर बसून आले. म्हणाले, "वहिनी, तुमी वाचा, मी ऐकतो."

"मला इंग्रजी कुठं येतं?"

"अक्षरं येत्यात न्हवं? तेवढं बास."

बिल्ड मोडल्यावर पडद्यावर जे आलं व्हतं ते मी शेवटून वाचाय लागले. शेवटी लई आरडाओरडा व्हता, लाल अक्षरांत. अर्धा घंटा मी वाचतीय आन् तात्या मान हलवत्यात. चहा आला, गार झाला.

"वहिनी, किती चुका हायत?"

"दोनशेच्या वर. तुमच्या मशीनचं तोंड लई सुटलंय."

"दोनशे न्हायत. एकच हाय. वर जा, वर. पैली चूक कुठं हाय ती गाठा. शेवटची कायम जोरात वरडती, पण तिच्यात काय नसतं."

वर गेले. तितं एकच साधी ओळ, अमकी फाइल सापडली न्हाय. नाव एकेक अक्षर वाचलं. तात्यांनी हात वर केला. "बास. ती फाइल आपल्या प्रणालीत नसतीच. तिचं काम करणारी दुसरी हाय." मग मला ध्यानात आलं. दळणच आलं न्हाय, म्हणून पीठ न्हाय, भाकरी न्हाय, डबा न्हाय, अशी ती दोनशे चुकांची बोंब. तात्यांनी सांगितल्या तशा मी चार ओळी बदलल्या. एक एक बोट दाबून. बिल्ड लावला. अक्षरं पळत राहिली आन् मुकाट थांबली. नव्या यंत्रात दूध घातलं, आकडा आला. बाहेर रांगेतल्या सखूबाईनं रिकामी किटली वाजवली.

तात्यांनी ती दुरुस्ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पाठवली, म्हंजी पुढच्याला त्रास नको. त्यांनी विचारलं, ही प्रणाली किती लोक वापरतात? तात्यांनी लिहिलं, "सदतीस बाया आन् त्यांच्या गायी." उत्तर आलं, एवढ्यांसाठी आम्हाला जमणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तात्या म्हणाले, "त्यांची बी माणसं थोडीच हायत, वहिनी." पुढच्या आवृत्तीला परत तीच दुरुस्ती, परत पाठवली, परत तेच उत्तर. तरी ह्यांना राग म्हणून येत न्हाय. तात्या, तुमच्या वाटणीचा मलाच करावा लागतो, त्यानं माझं रक्त आटतंय.

त्यानंतरच्या आवृत्तीला तात्या आले ते दाराबाहेर खाटंवर बसले. "तुमी करा, मी चहा घेतो." मी शिव्या घालत आत गेले. वर गेले, पैली चूक गाठली, बिल्ड केला. बाहेर आले तर ह्यांचा दुसरा कप चाललेला. सातवी शिकलेल्या बाईला, तिला काय येत न्हाय ते एकदा बी न सांगता, शिकवलं. तात्यांचं मोठेपण इचाराल तर मी हे एवढंच सांगीन.

आता मूळ गोष्ट. निमंत्रणपत्रिका मी वाचली, तळाच्या बारीक अक्षरासकट. सत्काराच्या दिवशी केंद्राला नवा कॉम्प्युटर भेट, आन् जुनं मशीन हार घालून तात्यांना "आठवण" म्हणून परत. व्हय का? चालत्या मशीनला हार घालताय? तात्यांना विचारलं तर म्हणाले, "असू द्या वहिनी, त्यांची हौस हाय." तुमची हौस व्हईल, पण तुमच्या त्या नव्या कॉम्प्युटरवर लाइट गेल्यावर सकाळी साडेपाचला कोण येणार हाय? बापूराव, तुमी?

तवा समितीला माझं सांगणं हाय. शाल द्या, नारळ द्या, फोटो काढा. नवा कॉम्प्युटर शाळेला द्या, पोरं शिकतील. केंद्राची किल्ली माझ्या कंबरेला हाय आन् त्या दिवशी ती तितंच राहणार. कुणाला मशीनला हात लावायचाच असंल तर आदी त्यावरची पाटी वाचा आन् मग माझ्याशी बोला.

तात्या, तुमाला साठ वर्सं झाली. आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतंय, गुडघं तेवढं सांभाळा, मोटरसायकल जरा हळू हाणा. शंभरी गाठा. आई भवानी तुमाला निरोगी ठेवो, हे मी मनापासून मागते, त्यात थोडा माझा बी स्वार्थ हाय. दिवाळीला परत नवी आवृत्ती येतीय. बिल्ड मी करीन. तुमी फक्त बाहेर खाटंवर बसायला या.