घुबडासमोर घेतलेलं नाव

घोलवडच्या आमच्या चिकूवाडीत वटवाघळं येऊ नयेत म्हणून लावलेल्या जाळीत घुबड अडकलं. वनखात्याला कळवलं, डॉक्टरांनी पंख बांधून दिला आणि बरं होईपर्यंत ते आमच्या पडवीत, खोक्यात राहिलं. सासूबाई भडकल्या. घुबडाच्या कानावर ज्याचं नाव पडतं, त्याला ते हाक मारून नेतं, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे घरात नावं बंद. "ए", "अहो", "कोण आहे रे तिकडे", एवढ्यावर संसार चालला. मला संताप यायचा. उंदीर पकडून भरवायचे मी, आणि वर यांची ही थेरं!

सोडायच्या संध्याकाळी मी खोकं उघडलं. घुबड फडफडत जमिनीवरच पडलं आणि शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाखालून थेट त्याच्यावर धावला. सासूबाई किंचाळल्या, माझं नाव घेऊन. मी रिकामं खोकं कुत्र्यासमोर आपटलं. तो बिचकला, तेवढ्यात घुबड उडालं आणि चिकूच्या शेंड्यावर बसून आमच्याकडे बघत राहिलं.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. मग झाडाखाली जाऊन, त्याच्याकडे बघत, मघापेक्षाही मोठ्याने त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. पुन्हा पुन्हा.