डोहाळ्याचा माठ

भोरहून पुण्याच्या दवाखान्यात निघालो होतो. शिवऱ्याजवळ हायवेवर ट्रक आडवा झाला होता. गाड्या जागच्या हलेनात, आणि तेवढ्यात सुनेने माझा हात झटकला. "तुमी कोण? गाडी थांबवा, मला उतरायचंय," म्हणाली. गाडी उभीच होती.

तिला सातवा महिना होता. डोळे पिवळेजर्द, गळ्यात काविळीची माळ. ती तिच्या आईने विंझरच्या पुढच्या एका वाडीवरून आणून घातली होती. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ पोटापर्यंत आली होती आणि पोरगी सासूला ओळखत नव्हती.

मुलगा ड्रायव्हरशेजारून मागे वळून सारखा एकच बोलत होता, "आई, आपल्याकडं फिल्टर हाय. हिला पाण्यातनं कसं होईल?"

"गप बस. पुढं बघ," मी म्हणाले.

भोरच्या डॉक्टरांनाही त्याने हेच सांगितलं होतं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी पाणी कुठलं पिता म्हणून विचारलं, आणि हा छाती काढून म्हणाला, फिल्टरचं. मग पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. त्यात बरेच दिवस वाया गेले.

फिल्टर त्याने आदल्या वर्षी घेतला. विकायला आलेल्या माणसाने नळाच्या पाण्यात दोन तारा सोडल्या, प्लग लावला, आणि पाणी तपकिरी झालं. "मावशी, हे पिताय तुम्ही," म्हणाला. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मुलाने उभ्या उभ्या होकार दिला. ते मशीन एक तांब्या पाणी द्यायचं आणि त्याहून जास्त मोरीत सोडायचं. मी वेल्ह्याकडच्या डोंगरातली. मेंढरांमागे फिरताना झऱ्यावर ओणवी होऊन पाणी प्यायले आहे. मोरीत पडणाऱ्या त्या धारेचा आवाज ऐकला की माझं डोकं उठायचं. मुलाला म्हणाले, "पाणी पितोस का नुसतं सोडतोस?" तो म्हणाला, "तुला न्हाई कळायचं."

सुनेला दिवस गेले आणि तिला त्या पाण्याचा वीट आला. अळणी लागतं म्हणायची. डोहाळे लागले ते मातीच्या वासाचे. अंगणात पाणी शिंपडून तिथेच बसून राहायची. आमच्याकडे पोटुशीची वासना मारत नाहीत. पाचव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला गल्लीतल्या बायकांनी तिला कोरा माठ आणून दिला.

"पी बाई पोटभर. पोरगं थंड डोक्याचं निघंल," एक म्हणाली.

"आन् बापावर गेलं तर?" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. सूनही हसली.

माठ ती स्वतः भरायची. सकाळी नळ आला की पहिल्या धारेला. कालचं उरलेलं पाणी शिळं म्हणून झाडांना. पहिल्या धारेला दुसऱ्या कुणी हंडा लावलेला तिला खपत नसे. मीही त्याच माठातलं प्यायचे. मला काही झालं नाही. मुलाला माठ रोज दिसायचा, पण त्यात फिल्टरचं पाणी भरतात असं तो धरून चालला होता.

पुण्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं. मुलाने तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, "माठातलं पिती. नळाचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीला माहीत होतं. तू इचारलंस कधी?"

बाई म्हणाल्या, "माठाचा दोष नाही, आजी. नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं असणार. ही कावीळ तशीच येते. बाकीच्यांना सहसा झेपते, गरोदर बाईला फार जड जाते."

"आन् पोटातल्याचं काय?"

"आत्ता सांगता येत नाही."

तारांचंही मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात तारच झिजते, रंग तिचाच येतो. तुमच्या पाण्याला क्षार काढायचं मशीन लागतच नसेल, जंतू मारणारं लागेल. नाहीतर खळाखळा उकळा आणि झाकून ठेवा.

आत एकालाच थांबू देत होते. तिची आई येऊन पोचली होती, ती थांबली, मुलगा बाहेर बाकावर. मला एसटीने परत पाठवलं. घरी बूड टेकवेना. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सकाळी नळ आल्यावर पहिल्या धारेचा ग्लास भरून नाकाशी धरला. वास होता. थोड्या वेळाने पुन्हा भरला, तर नव्हता. दोन्ही वेळा शेजारणीला बोलावून वास घ्यायला लावला, कारण माझ्या एकटीच्या नाकावर कोण विश्वास ठेवणार. मग आम्ही बायकाच नगरपालिकेत जाऊन बसलो. पाइप बघायला माणसं निघाली तेव्हा उठलो.

गल्लीच्या कोपऱ्यावर खणलं. पाइप गटारातूनच गेला होता आणि जोड सडला होता. खणणारा म्हणाला, "नळ बंद झाला की रिकामा पाइप ही घाण आत ओढतो. सकाळी पहिल्या धारेला तीच घरात येती."

"आन् आमी पहिल्या धारेसाठी भांडतो," शेजारीण म्हणाली.

मुलाचा फोन आला, "आई, नवीन फिल्टर बसवून घे. मोठा. ती यायच्या आत." तिचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला तसंच आहे.

आदल्या वर्षीचा तोच फिल्टरवाला आला. पिशवीतून तारा काढायला लागला.

"त्या ठेव आत. रोग मारतंय का तेवढं सांग."

"मावशी, हे क्षार काढतं, पाणी गोड करतं..."

"पाणी गोडच हाय. डाळ चटकन शिजती आमची. रोगाचं सांग."

मग त्याने दुसरं मशीन सांगितलं, नुसत्या दिव्याचं. त्या उजेडाने जंतू मरतात, पाणी वाया जात नाही.

"लाइट गेल्यावर?"

"तेवढा वेळ थांबायचं."

"तहान थांबती व्हय रे?" मी म्हणाले. "हेच बसव. लाइट नसली की उकळू. जुनं घेऊन जा."

तो भिंतीला भोकं पाडत असताना फोन वाजला. आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी त्याला थांबवलं. मुलगा म्हणाला, ती शुद्धीवर आली, डॉक्टर म्हणतात धोका टळला.

"आन् लेकरू?" मी विचारलं.

सून वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.