तिसऱ्या पाण्यालाही फेस

परभणीच्या फार्मसी कॉलेजात धम्मशीलाबाईंनी रोज रेल्वेने ये-जा करत अठ्ठावीस वर्षं काचेची भांडी धुतली. रिटायर होऊन आता त्या पूर्णेला लेकाकडे असतात. पण सकाळच्या इंजिनाचा भोंगा ऐकला की पाय अजून चपला शोधतात. आणि मग हटकून आठवते ती वालूरची पंकजा.

पंकजा पीएचडी करत होती. पिठासारखे बारीक, अंगात हळूहळू विरघळून जाणारे गोळे ती बनवायची. त्यांच्यावर औषधाचं प्रथिन चिकटवायचं आणि ते महिनाभर थोडं थोडं सुटतं का, ते बघायचं. "रोज सुई टोचण्यापेक्षा महिन्यातून एकदाच, मावशी," ती सांगायची. बाईंना ते लगेच पटलं. त्यांच्या मालकांनी बारा वर्षं इन्सुलिनच्या सुया टोचून घेतल्या होत्या.

गोळे कोमट पाण्यात हलत राहायचे. रोज अकराला त्यातलं थोडं पाणी नमुना म्हणून काचेच्या बाटलीत काढायचं, तेवढंच ताजं घालायचं आणि मग दोघींनी चहाला बसायचं. दिवाळीत पंकजाची आई आजारी पडली, तेव्हा सुट्टीचे सहा दिवस बाईच रेल्वेने येऊन ते करत होत्या. सुनसान कॉलेजात एकट्याच डबा खायच्या आणि चारच्या गाडीने परत फिरायच्या.

पंकजा परतली, नमुने तपासले आणि रडकुंडीला आली. सुटलेल्या प्रथिनातलं बरंचसं कुठं दिसेचना.

"माझं काय चुकलं का, ताई?" बाई घाबरल्या.

"नाही मावशी. मागच्या वेळीही असंच झालं होतं."

बाईंनी रिकाम्या बाटल्या विसळायला घेतल्या. जरा वेळाने हाक मारली, "ताई, हिकडं या. साबण लावला न्हाई, तरी तिसऱ्या पाण्यालाबी फेस यायलाय. काचेला कायतरी धरून बसलंय बगा."

पंकजाने उरलेल्या बाटल्या तशाच उचलल्या, साबणाच्या द्रावणाने आतून धुतल्या आणि ते द्रावण तपासलं. हरवलेलं प्रथिन तिथं होतं. गोळ्यांना चिकटणारं ते काचेलाही चिकटत होतं. मग तिने प्रथिन न धरणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या मागवल्या आणि सगळं काम पहिल्यापासून मांडलं. या खेपेला जवळजवळ सगळं सापडलं.

आता ती हैदराबादला एका कंपनीत आहे. परवा तिचा फोन आला.

"इथं नमुने मशीनच काढतं, मावशी."

"मंग तुमी चहाला कवा बसता?"

पंकजा हसली. मग दोघी किती तरी वेळ वालूरच्या शेंगा आणि कॉलेजातल्या गळक्या नळाबद्दल बोलत बसल्या.